तासाभराची शाळा

१९८४ साली ओझरच्या कारखान्यात जायला नाशिकच्या स्टँडवर बसची वाट पाहत होतो. रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचे सासरे, दोघं कोर्टातूनच आलेले.

“सिंधू, काय म्हणले जज्जसाहेब? मला इंग्रजी कळलं नाय.”

“ज्या विद्यापीठाची माझी बी.एड. आहे, त्याला सरकारची मान्यताच नव्हती. दावा फेटाळला, मामा.”

“आन् नोकरी?”

“परत मिळायची नाही.”

“इतकी वर्सं शिकवलं तू. पोरी पास झाल्या ना?”

“झाल्या की. त्यांचं पास होणं कुणी काढून घेत नाही.”

“मग आता?”

“इथल्या कॉलेजात पुन्हा बी.एड. करते. पहिल्यापासून.”

“या वयात बाकावर बसशील?”

“बसेन. तिथं सरावाचे पाठ असतात. एखाद्या शाळेत जाऊन खरा वर्ग शिकवायचा.”

“तुला गं कशाला सराव?”

“सरावासाठी नाही, मामा. माझ्याच शाळेतला आठवीचा वर्ग मागणार आहे. दिला, तर तास संपेपर्यंत तरी पोरी मला बाई म्हणतील.”