गावच्या मातीची ताकद

आमच्या आप्पांशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचाय. लिंबायतच्या आमच्या गच्चीवर मी जुन्या फळ्या ठोकून भाजीसाठी गुडघाभर उंच पेटी केली. भरताची वांगी लावायची होती, रोपं तयारच होती. पेटीत काय भरायचं तेही ठरलं होतं: नारळाचा भुसा, शेणखत आणि थोडी माती. हलकं आणि पाणी निथळणारं.

तेवढ्यात आप्पा गावाकडचं लग्न आटोपून परत आले, ते काळ्या मातीची पोती घेऊनच.

"आप्पा, ही माती पाणी प्यायली की फुगते. पेटीत नाही चालत."

"आपला गावनी माटी शे ती! तिच्यात वांगी होत नाहीत? मग लहानपणी तू काय भुसा खाल्लास?"

"शेतात होतात. शेताला फळ्या नसतात, आप्पा!"

"हे कॉलेजात शिकवलं का?"

मी कामावर गेले आणि त्यांनी पेटी काठोकाठ भरली, रोपंही लावली, वर पाण्याची नळी सोडून ठेवली. संध्याकाळी येऊन बघते तर एका बाजूच्या फळ्या खिळ्यांसकट निखळलेल्या, गच्चीभर चिखल, आणि माझी रोपं त्यात आडवी.

"आता बोला," मी म्हटलं.

आप्पा कमरेवर हात ठेवून चिखलाकडे कौतुकानं बघत होते.

"ताकद बघ मातीची! तुझ्या भुशानं फोडली असती का फळी?"