एका पायाचा करकोचा

(धाकट्या जावेच्या घरची पुढची खोली. खिडकीशी भरतकामाची चौकट. थोरली दारात उभी, हातात फुगलेली पिशवी.)

थोरली : बसायला नाही आले मी. आणि त्या भरतकामाच्या मशीनवर हसायचं असेल तर आधी पोटभर हसून घे, मग बोलू.

धाकटी : हसत नाहीये, ताई. सुई ओवतेय. झालं काय ते तरी सांगा.

थोरली : मेलं, दुसरं काय! अठ्ठावीस खिसे भरून झाले, एकोणतिसाव्यात पक्ष्याच्या मानेपर्यंत आलं आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड. मेकॅनिक आला, उघडून बघितलं आणि मला म्हणतो, "काकू, हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. भाग येत नाहीत, नक्षीची ती चौकोनी डिस्कही आता कुठं मिळत नाही." सात वर्षं गं फक्त! रोज पुसते मी त्याला. अंगावर ओरखडा नाही, आणि म्हणे जुनं!

धाकटी : माझी कात्री पंचवीस वर्षांची आहे.

थोरली : मार टोमणे, मार. त्या पैशात दुकानावर एक खोली चढली असती. सगळे सांगत होते, थांब जरा, रोज नवीन काहीतरी निघतंय. पण तेव्हा मला माझ्याहून शहाणं कुणी दिसतच नव्हतं. आता ते धूड खिडकी अडवून बसलंय. भंगारवाला बघून गेला, तो परत फिरकला नाही.

धाकटी : आणि पिशवीत काय आहे?

थोरली : उरलेले बारा खिसे, आणि बघायला एक झालेला. शाळेच्या गाणाऱ्या मुलांच्या कोटांचे. परवा सकाळी त्यांची बस सुटतेय स्पर्धेला. मशीनच्या टाक्याला टाका जुळवून हातानं भरायचे. हे दुसऱ्या कुणाचं काम नाही, तुझंच.

धाकटी : ते बघू नंतर. मला दुकानातून काढताना काय म्हणाला होतात, आठवतंय?

थोरली : आठवतंय.

धाकटी : म्हणा तरी.

थोरली : "आता हाताच्या कामाचे दिवस संपले, तू घरी बस." भर गिऱ्हाइकांत म्हणाले. झालं समाधान?

धाकटी : नाही. तो झालेला खिसा दाखवा. ही नक्षी कुणाची?

थोरली : मशीनवाल्यानंच भरून दिली होती डिस्कवर.

धाकटी : कशावरून भरली?

थोरली : नमुन्यावरून. तूच काढून दिला होतास ना?

धाकटी : मीच. मशीन आलं त्या दुपारी. तुम्ही चौकटीतून ओढून घेतलात, "पुरे झालं, माणूस खोळंबलाय" म्हणून. सुई तशीच लोंबकळत होती त्याला. पाय किती आहेत बघा.

थोरली : एक. करकोचा एका पायावरच उभा राहतो की. मुख्याध्यापक दरवर्षी भाषण करतात त्यावर. एकाग्रता कशी असावी, तर आपल्या खिशावरच्या पक्ष्यासारखी! पोरांना तोंडपाठ आहे.

धाकटी : दुसरा पाय काढायचा राहिला होता, ताई.

थोरली : काय सांगतेस!

धाकटी : इथं, पोटाखाली, चार टाके पुढं आलेत बघा. तिथून मांडी सुरू व्हायची होती. मशीननं तेवढेही इमानेइतबारे काढलेत, दर खिशावर, रोजच्या गणवेशाच्याही. शाळा सुटली की या खिडकीखालून माझं अर्धवट काम पळत जातं. रोज बघते.

थोरली : मला ते पीस वाटायचं. अगं, मग बोलली का नाहीस?

धाकटी : कुणाशी? हाताचे दिवस संपले होते ना.

थोरली : चुकलं माझं. मशीन घेतलं ते चुकलंच, पण ते लोखंड आहे, जाईल भंगारात. तुला घालवलं, त्याचं वाईट वाटणं जात नाही. दुपारी दुकानात बोलायला कुणी नसतं गं. मी त्या मशीनशी बोलायचे.

धाकटी : उत्तर द्यायचं का?

थोरली : दोरा संपला की टीं टीं करायचं.

धाकटी : (हसत) आणा ती पिशवी. मानेशी अडकलाय तो आधी घेते. उद्या संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा होतील.

थोरली : नक्की? एकटीला झेपेल?

धाकटी : माझं मॉडेल अजून बंद झालेलं नाही, ताई.

थोरली : आणि सोमवारपासून दुकानात येशील? खिडकी मोकळी करून ठेवते. उजेड तिथंच चांगला येतो.

धाकटी : आधी हे होऊ दे.

थोरली : बरं, बरं. पायाचं काय करतेस मग? दुसरा काढलास तर मुख्याध्यापकांचं भाषण पडेल.

धाकटी : एकच ठेवते. अठ्ठावीस मुलं एका पायावर आणि बारा दोन पायांवर, हे कसं दिसेल?

थोरली : तेही खरंच. सरक जरा, मी सुया ओवून देते, चष्मा आणलाय. पहिला झाला की दे, लगेच कोटाला लावायला घेते.

धाकटी : बसा. झाला की मी सांगेन.