बाणाची फाइल

(गोव्यातल्या सर्वणहून पुण्याला फोन. सासू सत्यवती, सून सेजल; सासरे कृष्णनाथ.)

सेजल : आई, सावकाश सांगा. कॉम्प्युटर चालू होतोय ना?

सत्यवती : होता गो. पण बाबांका लिवक येयना. उजवो हात अर्धांगाच्या झटक्यान गेलोच. डाव्यान लिवूक तू सोय करून दिलंस ना? स्पेस दाबून धरल्यार पलीकडची अक्षरां डाव्या बोटांखाली येयत. कालपासून नुसती मोकळी जागा वाढता.

सेजल : म्हणजे मी बसवलेली मांडणीच उठत नाहीये. कुणी काही बदललं का?

सत्यवती : कोण बदलतलो? गणपतीची चवथ जवळ इली म्हणान मी साफसफाय केलंय. तेतूरच कॉम्प्युटरय केलंय.

सेजल : फडक्यानं?

सत्यवती : भायरसून फडक्यान. आतसून हातान. एकाच नावाच्यो दोन दोन फायली होत्यो. एकीवर बारीक बाण. बाणाची नवी म्हणान ती ठेवलंय. दुसऱ्यांचो आखो फोल्डर उडयलंय.

सेजल : अरे देवा! आई, बाणाची ती फाइल नव्हेच. तो नुसता पत्ता. मांडणीची खरी फाइल त्या फोल्डरात होती.

सत्यवती : म्हणजे पत्तो ठेवलंय आणि घर मोडलंय?

सेजल : तसंच. कचरापेटीत असेल, बघा.

सत्यवती : ती कशी आसतली? पेटी पयली रिकामी केलंय.

सेजल : असू दे, माझ्याकडे प्रत आहे. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची ती काळी खिडकी उघडा आणि मी पाठवलेली ओळ जशीच्या तशी टाका. सुरुवातीचं टिंब विसरू नका.

सत्यवती : टाकलंय. गो, ह्या विचारता, आसलेली पुसून नवी बसवू काय? परत पुसूक? माझ्यान जावचा नाय.

सेजल : पुसू दे. ते मोडके बाण आहेत. हो म्हणा.

सत्यवती : ठेवलंय ती पुसूची, पुसलंय ती ठेवची! माझी मतीच गुंग झाली. केलंय हो.

सेजल : आता बंद करून चालू करा. बाबांना बसवा. कुठे आहेत?

सत्यवती : बलकांवात, दाराभायल्या बाकार. कालपासून डावो हात बघीत बसलेत. शेजारचो योगेश तेंच्याकडसून अर्ज लिवन घेवक इल्लो, तेका परत धाडल्यानी. म्हणतत, दुसरो झटको इलो, बोटां शिकलेला सगळा विसारली. उद्या म्हापशाक डॉक्टराकडे जावक गाडी सांगल्यानी.

सेजल : आई! तुम्ही त्यांना फाइलींचं सांगितलं नाहीत?

सत्यवती : तेच्यान असां जाता ता माका खंय ठावक? आता चलता तर गप रवया. साफसफायेवरसून चाळीस वर्षां माका बोलतत.

सेजल : गप राहिलात तर ते रोज स्वतःच्या हाताला भीत बसतील.

सत्यवती : थांब. फोन ठेव नको. ओ, जरा हंय येवा. लिवन बघा.

कृष्णनाथ : कित्याक? लाज काढूक? ... सत्यवती, येतत गो अक्षरां! मगे काल माझ्या हाताक काय झाल्ला?

सत्यवती : हाताक काय झाल्ला नाय. फायली मी उडयल्लंय. सेजलान परत बसवल्यान.

कृष्णनाथ : तू?

सत्यवती : मी.

कृष्णनाथ : योगेशाक बोलव. आणि गाडयेक नको म्हणान सांग.