आज अमावास्या, पैसे उद्या पाठवा

मी, सौ. नूतन सदा चोगले, वय ४७ वर्षे, धंदा गृहिणी, शिक्षण दहावी पास, रा. कोळीवाडा, ता. मुरुड, जि. रायगड. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे पती मासेमारी करतात. आमच्या होडीचे इंजिन गेल्या हंगामात निकामी झाले. नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे माझ्या खात्यात होते, कारण घरातला हिशेब मी ठेवते.

चैत्रात मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेण्यात आले. त्यात रोज सकाळी देवीचे दर्शन व आरती येई. ग्रुप चालवणारी बाई स्वतःचे नाव मृणाली सांगे. तिने पाठवलेल्या लिंकवरून मी शेअरचे ॲप घेतले. ते सरकारकडे नोंदलेले आहे की नाही हे कुठे बघायचे, मला माहीत नव्हते. आधी पाच हजार टाकले, ते सव्वापाच हजार होऊन परत आले. तरी माझा विश्वास बसत नव्हता. म्हणून दिव्याच्या अवसेला मी मुद्दाम मेसेज केला की, मोठी रक्कम आजच पाठवते. तिचे उत्तर आले, "ताई, आज अमावास्या. आज आपण कोणाचे पैसे घेत नाही. उद्या पाठवा." लबाड माणूस येणारा पैसा एक दिवसही थांबवणार नाही, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावून मी माझ्या हाताने दोन लाख दहा हजार रुपये पाठवले. बँकेतल्या फलकावर ओटीपी देऊ नका असे लिहिले आहे. तो मी कोणालाही दिलेला नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी इंजिनासाठी ॲपमधून पैसे काढायला गेले, तर आधी बेचाळीस हजार कर भरा असे सांगण्यात आले. आपलेच पैसे घ्यायला वर पैसे कशाला, म्हणून मी भरले नाहीत. लगेच सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन केला व बँकेत गेले. तेथील कर्मचारी म्हणाले, "काकी, एसएमएसचे अठरा रुपये कापले म्हणून अर्ज देणाऱ्या तुम्ही, आणि इकडे दोन लाख?" बाकीचे हसले. हे जबाबात नको, असे लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी म्हटले, लिहा. ते अठरा रुपयेही अजून परत आलेले नाहीत.

त्यानंतर बँक म्हणे पोलिसांचे पत्र आणा, आणि ठाण्यात सांगत, आधी बँकेचा खातेउतारा आणा. उतारा आज मिळाला, तो सोबत दिला आहे.

त्या ॲपमध्ये माझ्या नावावर अजून तीन लाख ऐंशी हजार दिसतात. आज सकाळची आरतीही आली.

कोळीवाड्यातल्या होड्या पौर्णिमेनंतर गेल्या. आमची अजून माडाच्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर आहे. पतींना यातले काही माहीत नाही. इंजिन आणायला कधी निघायचे, असे ते सकाळी विचारत होते. आज पिठोरी अमावास्या आहे, उद्या बघू, असे सांगून मी आले आहे.

हा जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला, मी स्वतःही एकदा वाचला. मी सांगितले तसाच लिहिला आहे व खरा आहे. फोन करायचा झाल्यास माझ्याच नंबरवर करावा.

सही/-
नूतन सदा चोगले