नाथवाडीची कोरी यादी

निकिता : …तरी एकदा बघा ना, अवधूतदादा. आपल्या नव्या प्रोग्राममधून नाथवाडीच्या दूध डेअरीची मतदार यादी काढली, तर एकही नाव येत नाही. रविवारी त्यांची वार्षिक सभा आहे.

अवधूत : मला कशाला दाखवतेस? प्रेमलाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं ना, यापुढं डेअऱ्यांशी बोलायचं ते निकितानं. कंपनी त्यांची, गिऱ्हाईकं तुझी.

निकिता : गहिनीनाथअण्णा चिडलेत. म्हणाले, सोळा वर्षं सेक्रेटरी आहे, अशी फजिती कधी झाली नाही. सभा उरकली की दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम घेणार. आजूबाजूच्या एकवीस डेअऱ्या त्यांच्याच सल्ल्यानं चालतात.

अवधूत : तुला फोन केला त्यांनी?

निकिता : हो. सकाळचं माप झाल्यावर.

अवधूत : मला नाही केला. तेरा वर्षं राहात्याहून मोटारसायकलवर गेलो त्या गावात, पेनड्राइव्ह खिशात घालून. प्रोग्राम बसवायचा, शिकवायचं, जेवून निघायचं. त्यांच्या बनुबाई माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायच्या. परवा कोपरगावच्या बाजारात भेटल्या. म्हणतात, तुमच्या निकिताचा आवाज लई गोड हाय, दर सोमवारी इचारती, काय अडचण न्हाई ना. मी कसा आहे, ते नाही विचारलं.

निकिता : सोमवारचा फोन हे कामच आहे माझं. पूर्वी प्रोग्राम एकदा विकला की पाच वर्षं गिऱ्हाईक हलत नव्हतं. आता सगळं इंटरनेटवरून, महिन्याच्या बोलीवर. नको वाटलं की पुढल्या महिन्यात बंद. विचारत राहावंच लागतं.

अवधूत : ठाऊक आहे. शिकवू नकोस.

निकिता : शिकवत नाही. सकाळपासून शोधतेय. खंड न पाडता दूध घालील त्यालाच सभेत मत, हा त्यांच्या डेअरीचा नियम. आणि नवा प्रोग्राम आल्यापासून चार महिन्यांत चारदा अख्ख्या गावाचा खंड पडलाय, सगळ्यांचा एकाच दिवशी. शेवटी आईला विचारलं, तिचं माहेर त्याच बाजूचं. ती म्हणाली, अगं, अमावास्या असंल. त्या गावात अमावास्येचं दूध नाथाच्या देवळात जातं, डेअरीला थेंब नाही घालत.

अवधूत : हं.

निकिता : जुन्या प्रोग्राममध्ये यादी बरोबर यायची. म्हणजे तुम्ही तिथं बसून अमावास्या वगळून दिली होती.

अवधूत : ओसरीवर बसून. पंचांग पुढ्यात घेऊन.

निकिता : नवा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी मी तुम्हाला सगळ्या गावांची यादी दिली होती. कुठं काही वेगळं असेल तर लिहा म्हणाले होते. नाथवाडीपुढं तुम्ही लिहिलंय, 'काही नाही.'

(अवधूत खुर्ची मागं सरकवतो, पण उठत नाही.)

अवधूत : विसरलो नव्हतो मी.

निकिता : मला वाटलंच.

अवधूत : म्हटलं, अडेल. अडलं की म्हणतील, अवधूतला बोलवा. एवढंच हवं होतं गं, कुणीतरी बोलवावं. अडलं, आणि त्यांनी तुलाच बोलावलं.

निकिता : अशी आणखी किती गावं आहेत तुमच्या डोक्यात?

अवधूत : अकरा.

निकिता : ती लिहून द्या मला. मी प्रेमलाताईंना सांगून टाकलंय, नाथवाडीचं माझ्याकडूनच विचारायचं राहिलं.

अवधूत : का?

निकिता : तेरा वर्षांवर एका ओळीनं पाणी पडायला नको.

अवधूत : म्हणजे चांगुलपणासुद्धा तुझ्याच नावावर. मला काही ठेवूच नकोस. आण तो फोन.

निकिता : दादा, आधी यादी तरी…

अवधूत : यादी तासाभराचं काम आहे. आण इकडं. …अण्णा, अवधूत बोलतोय. तुमची अमावास्या माझ्यामुळं राहिली. ठाऊक असून लिहिली नाही. निकिताची यात चूक नाही.

गहिनीनाथ : ठाऊक असून?

अवधूत : हो.

गहिनीनाथ : तुमी आमच्या ताटात जेवलाय, अवधूतराव.

अवधूत : हो, अण्णा. संध्याकाळपर्यंत यादी येईल. एकूण एक नाव असेल. आणि आता मी असो-नसो, अमावास्या प्रोग्राममध्येच राहील.

गहिनीनाथ : ती पोरगी हाय का तितं? तिनं सांगितलं तर धरीन खरं.

अवधूत : आहे. समोरच बसलीय. देतो.