काचेतला पाळणा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष कुबातबेक साहेब, घाटातला बर्फ तुडवत राजधानीहून आलेल्या विदुषी पाहुण्या, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या नारिन गावच्या संग्रहालयाचा सेवकवर्ग, आणि भाषणांपेक्षा मागच्या खोलीतल्या पुलावाच्या वासाकडे लक्ष देऊन बसलेले माझे नातेवाईकहो,

आज निवृत्त होणारे संचालक साग्यनबेक यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला आहे. मी त्यांची थोरली बहीण बुरुलचा. तुमचे ते संचालक असतील, पण माझ्यासाठी तो साग्यन आहे, आणि मी त्याची एजे, म्हणजे ताई. त्याचं नाक मी माझ्या बाहीनं पुसलेलं आहे. हसा, पण जरा हळू हसा. हळू का, ते शेवटी सांगते. व्यासपीठाच्या कडेला लाल शालीखाली जे झाकून ठेवलंय, तिकडेही तुमच्या नजरा मघापासून जात आहेत. अध्यक्ष साहेब, ती सत्काराची भेट नव्हे. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते.

माझ्या भावाच्या विद्वत्तेबद्दल मी काय बोलावं? लोकांनी चुलीत घालायला काढलेली खोगिरं त्यानं वाचवली. गोठ्यात अंथरलेले लोकरीचे नमदे त्यानं हात जोडून मागून आणले. वस्तूचं मोल ओळखावं तर साग्यननंच. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, मला त्याचा अभिमान आहे. तो नसता तर या दालनात आज बटाट्यांचं गोदाम असतं.

पण आमच्या घरचा पाळणाही त्यानं काचेत ठेवला, आणि तिथं आमचं बिनसलं.

पणजीच्या पणजीपासून आमच्या घरातलं प्रत्येक मूल त्यातच झोपलं. गेल्या उन्हाळ्यात राजधानीचे तज्ज्ञ आले, चष्मे काढून पुन्हा चढवून म्हणाले, असा दुसरा नाही. झालं! तेव्हा घरात तान्हं कुणी नव्हतं. पाळणा इथं आला. त्याला कुलूप लागलं, हवा मोजायचं यंत्र बसलं. आईनं पाळण्याच्या वरच्या आडव्या दांडीवर वर्षानुवर्षं चोपडलेली शेळीची चरबी खरवडून मेण लावलं गेलं. आणि रिकाम्या पाळण्यात आई जी भाकर आणि सुरी ठेवायची, ती उंदीर येतील म्हणून काढून टाकली.

मी विचारलं, "अरे साग्यन, पाळणा अगदी मोकळाच ठेवलास?"

"एजे, काचेत आहे. हलवणार कोण?"

कोण हलवणार! रिकामा पाळणा हलवू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात कुणीतरी येऊन निजतं म्हणतात. पण शिकलेल्या माणसाला वाटतं, कुलूप लावलं की जुन्या रीती लागू व्हायच्या थांबतात.

पहिला बर्फ पडला त्या सुमारास साग्यनची लेक चिनारा बाळंत झाली. नात झाली, बेगाइम. जन्मली तेव्हा एकदा रडली, आणि मग गप्प. भुकेलाही रडेना, थंडीलाही नाही. डोळे उघडे ठेवून पडून राहायची. झोपलेली कुणी पाहिलीच नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, म्हणाले, सगळं ठीक आहे. ठीक असलेलं मूल दिवसागणिक वाळत चाललं होतं.

आणि इकडे भर दुपारी, शाळेची मुलं दालनात उभी असताना, काचेतला पाळणा हलला.

आपला पहारेकरी जुमाश तिथं बसलाय, विचारा त्याला. मला म्हणाला, "एजे, उंदीर असेल." मी म्हटलं, "बाबा रे, एवढा पाळणा डोलवायचा तर उंदराला आधी मेंढा व्हावं लागेल!" साग्यननं भूकंप मोजायचं यंत्र आणून काचेपाशी ठेवलं. पाळणा हलायचा आणि यंत्रातली रेघ सरळच जायची. त्याच वेळी तीन गल्ल्यांपलीकडे चिनाराच्या घरी, दुकानातून आणलेल्या पलंगडीत, बेगाइमची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे व्हायची. अगदी त्याच तालात. मी तिथं बसून पाहिलंय. फोनवर जुमाश सांगत होता, "आता डावीकडे... आता उजवीकडे..." आणि माझ्यासमोर पोरीची मान तशीच वळत होती.

चिनारा बापाच्या पाया पडली. "बाबा, एकदाच तिला त्यात निजवू द्या."

तो म्हणाला, "पोरी, तो आता आपला राहिलेला नाही. त्याला ओरखडा गेला तर?"

विद्वज्जनहो, मी काही विदुषी नाही, पण एक कोडं मला त्या दिवशी सुटलं. मोलाच्या वस्तूला काही होऊ नये, एवढीच आपल्याला धास्ती असते. ज्याच्यावर जीव असतो, त्याला काय हवंय हे आपण विचारतो. माझ्या भावाला धास्ती होती. त्यानं विचारलं मात्र नव्हतं.

काल मी त्याला हाताला धरून काचेपुढे उभं केलं. तिथं त्याच्याच अक्षरातली पाटी आहे. डावीकडील कोरीव बोंड गहाळ.

म्हटलं, "गहाळ नाही. ते आईनं तोडलं. घाट बंद होता, सरपण संपलं होतं, दारंसुद्धा जाळून झाली होती आणि घरात एक पोर तापानं फणफणलं होतं. आईनं कुऱ्हाड घेतली. त्या बोंडाच्या जाळावर वाटीभर दूध कोमट झालं. ते पोर कोण, सांगू?"

त्यानं पाटीवरचं 'गहाळ' हातानं झाकलं.

"आणि दांडीवरची ही झीज तू मेणानं भरून काढलीस ना? साग्यन, ती आपल्या आयांच्या काखेची झीज आहे. मुलाला उचलावं लागू नये म्हणून दांडीवर ओणवून दूध पाजायच्या त्या."

आज सकाळी, शेवटच्या दिवशी, त्यानं स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडलं. हा नियमभंग आहे, अध्यक्ष साहेब. मी तुमच्यासमोर तो लपवत नाही. चादरीला हात लावला तर ती उबदार होती. मधोमध छोट्या डोक्याएवढा खळगा होता, आणि दुधाचा वास येत होता. काचेत, कुलपाआड.

मी वाईट नजर जावी म्हणून आर्चाच्या झाडाच्या डहाळीचा धूर दिला. रीतीप्रमाणे बेगाइमला आधी उलटं, पायांकडे डोकं करून ठेवलं आणि विचारलं, "असं बरोबर?" अशा वेळी जमलेल्या बायकांनी "नाही" म्हणायचं असतं. पण जमलेलं होतंच कोण? रडणारी चिनारा, आणि किल्ली धरून उभा साग्यन.

तरी उत्तर आलं. "नाही!" एका बाईचा आवाज नव्हता तो. घर भरून बायका असाव्यात तसा होता, आणि त्यात आमच्या गेलेल्या आईचा आवाज मी ओळखला.

मी मूल सरळ केलं. विचारलं, "असं?"

"असंच!"

खळगा तिच्या डोक्याला बेताचा झाला. आणि आमची बेगाइम रडली! छत हादरेल अशी रडली. चिनारा दांडीवर ओणवली, तिनं तिला पाजलं. आपले संचालक जमिनीवर फतकल मारून बसले आणि तिच्याहून मोठ्यानं रडले. त्यांच्या एवढ्या वर्षांच्या सेवेतलं हे मला सर्वांत आवडलेलं काम.

साहेब, तुम्ही मघाशी म्हणालात, साग्यनबेकनी संग्रहालयाकडे काहीही मागावं. तो संकोची आहे, म्हणून मी मागते. हा पाळणा घरी जाऊ द्या. बेगाइम चालू लागली की परत आणू. पण मग रिकामा ठेवायचा नाही, आत भाकर हवी, आणि घरात मूल आलं की पुन्हा न्यायचा. झिजेल. झिजू द्या.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. थोरामोठ्यांपुढे जीभ सैल सुटली असेल तर पोटात घाला.

तेवढ्या टाळ्या मात्र नकोत. शालीखाली ती झोपली आहे, जन्मल्यापासून पहिल्यांदा. आणि पाहुण्याबाई, घाबरू नका. हो, हलतोय. मी हात लावलेला नाही, चिनारा दाराशी उभी आहे, साग्यनही खुर्चीतच आहे. आता तो रिकामा नाही. हलवू दे त्या आयांना.