गोठवू नये

हॅलो?… कोण?… अगं, तू! सहा महिन्यांनी आठवण झाली मैत्रिणीची?… सावकाश. आधी रडणं थांबव, काही कळत नाहीये.

चमकत नाहीत? एकही बाटली नाही?… जांभळा दिवा लावलास ना?… हो, हो… अगं ऐक ना! बाटली उजेडात धर. तळाशी काय दिसतंय?… गुठळ्या. हं.

कुठे ठेवल्या होत्यास?… फ्रीजरमध्ये. खराब होऊ नयेत म्हणून.

नाही गं, हसत नाहीये. खोकला आला.

हलवून काय होणार? फाटलेलं दूध हलवून पुन्हा दूध होतं का? पॉलिमरचे इतके बारीक कण, एकदा गोठले की एकमेकांना चिकटले. मग रक्तातलं ते आजाराचं प्रथिन समोर येऊन उभं राहिलं तरी चमकायचे नाहीत.

सांगितलं नाही कसं? प्रत्येक बाटलीवर लिहिलं होतं, राणी. लाल शाईत. 'गोठवू नये.' आणि वर माझं नाव… हो, तीच पट्टी. नखाने सोलून स्वतःच्या नावाची लावलीस ना, तीच. माझ्या नावाबरोबर खालची ओळही गेली, त्याला मी काय करू?

मैत्री?… शोधनिबंधातून मला गाळलंस तेव्हा कुठे होती ती? आयत्या बिळावर नागोबा झालीस, तर बीळ राखायलाही शिकायचंस.

चाचणी बघायला पाहुणे कधी येतायत?… अर्ध्या तासात. हॉस्पिटलचे सगळे डॉक्टर. आणि आपले सर शेजारच्या खोलीत. छान.

नवीन करायला चार दिवस लागतात… आहे, माझ्याकडे एक बाटली आहे. ताजी. मंगळवारीच प्रयोगशाळेतल्या काकांचा फोन आला होता, 'बाई, तुमच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गेल्यात'… तुला का नाही कळवलं? अगं, बाटल्यांवर तुझं नाव होतं! दुसऱ्याच्या वस्तूत मी कशाला नाक खुपसू? मी आपली गुपचूप नवीन करायला बसले.

कुठे म्हणजे? खाली, दाराशी. गार डबा घेऊन उभी आहे… धावत येऊ नकोस, तुझ्या हातात नाही देणार. आधी सरांकडे जा. पट्टी कुणी सोलली ते सांग. फोन चालू ठेव, मला ऐकायचंय…

अगं, दारातूनच परत फिरलीस?…

नाही जमत? बरं. मग मीच वर येते. एक मिनिट हं, दारावरचे दादा वही पुढे करतायत… झालं. नाव लिहिलं. काम, 'सरांना भेटणे'. पक्क्या शाईत लिहिलंय गं, नखाने निघायचं नाही.

ठेवते.